थिसलला कुणी चारलं?

१

मी सामाईक कुरणाच्या फाटकाशी पोचले तेव्हा नोएला चिखलात बसली होती आणि थिसलचं डोकं तिच्या मांडीवर होतं. घोडी मेलेली होती. अंगावर तिची हिरवी झूल नीट पसरलेली होती, झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तशी.

"मी आले तर ही अशी," नोएला म्हणाली. "आयलीन, ही अशी पडलेली होती गं."

नोएला व्हिंटर माझी शेजारीण. कमी बोलणारी, संधिवाताने बोटं वाकडी झालेली. तिची मुलगी जोसी ऐन तारुण्यात मोटार अपघातात गेली, आणि मागे राहिली ती ही थिसल. लहानखुरी कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाची घोडी, तोंडात दात म्हणून जवळपास नव्हतेच. नवरा गेल्यावर नोएलाला बोलायला तीच होती. मी तिच्याजवळ बसले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

पोलिसातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी डोळ्यांची खोड जात नाही. थिसलच्या आयाळीत चिखल होता, पायांना चिखल होता, पाणवठ्याभोवतालची जमीन तिने रात्रभर खुरांनी उकरली होती. हिरवी झूल मात्र स्वच्छ होती. हात लावला तर कोरडी लागली. पाऊस पहाटेपर्यंत कोसळत होता. हे मनात नोंदलं आणि सोडून दिलं, कारण तेवढ्यात गावचा तरुण गुरांचा डॉक्टर येऊन पोचला.

त्याने घोडीचं तोंड उघडून पाहिलं, नरड्यावरून हात फिरवला.

"घास अडकलाय," तो म्हणाला. "कोरडी गोळीपेंड. चावता आली नाही, फुगून नरड्यात बसली. श्वासाबरोबर काही फुप्फुसात गेली असणार. बिचारीचं हृदय थकलं."

"ती गोळीपेंड खात नाही," नोएला म्हणाली. "तिला आंबोण असतं. मी सकाळीच भिजवून ठेवते."

आम्ही चाऱ्याच्या शेडमध्ये गेलो. थिसलच्या बादलीत आंबोण काठोकाठ तसंच होतं. कुणी शिवलंसुद्धा नव्हतं.

काल संध्याकाळची पाळी क्लेमची होती.

क्लेम प्राउज तोवर फाटकाशी येऊन उभा राहिला होता. जन्म घोड्यांत गेलेला उंच, वाकलेला म्हातारा. अलीकडे माणसांची नावं विसरायचा, चुलीवर किटली ठेवून विसरायचा. आम्ही सगळे ते बघून न बघितल्यासारखं करायचो.

"क्लेम," मी हळू विचारलं, "काल थिसलला काय घातलंस?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "थिसल नव्हतीच इथं. मी शोधली. म्हटलं नोएलाने घरी नेली असेल, एवढा पाऊस आहे तर."

"मग चारलं कुणाला?"

"बाकीच्यांना. लाल झुलीच्या दोघांना गवत. ग्वेन्डाच्या ब्रिगेडियरला त्याची गोळीपेंड."

त्याच वेळी रस्त्यावरून ग्वेन्डा स्ट्रिकलंडची गाडी मागे घोड्याचा ट्रेलर ओढत आली. ग्वेन्डा उतरली, मागचं दार पाडलं आणि आतून रुबाबात खाली आला तो ब्रिगेडियर, तिचं कुमाईत तट्टू.

"हा?" आम्ही त्याच्याकडे बघतोय हे पाहून ती म्हणाली. "हा काल दुपारपासून माझ्याबरोबर जत्रेच्या मैदानावर होता. स्पर्धेत पहिला आलाय. का, काय झालं?"

क्लेमने त्या तट्टाकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

२

यारंबीत आम्ही आठ घरं. प्रत्येकाची आपापली जमीन, आणि मधलं मोठं कुरण सगळ्यांचं. माणसांसाठी देवाने दहा आज्ञा दिल्या, आमच्या घोड्यांसाठी ग्वेन्डाच्या समितीने एकेचाळीस दिल्या. संध्याकाळी पाळीवाल्यानेच चारायचं, पाळी नसेल तर आपल्या घोड्यालासुद्धा एक घास द्यायचा नाही, म्हणजे कुणाला दोनदा मिळत नाही. घोडा बाहेर न्यायचा तर पाळीवाल्याला कळवायचं. दुसऱ्याच्या सामानाला हात लावायचा नाही. आणि ज्याच्या हातून दुसऱ्याच्या घोड्याला इजा होईल त्याने आपला घोडा महिन्याच्या आत कुरणातून काढायचा. हा शेवटचा नियम कधी कुणावर चालवायची वेळ आली नव्हती.

रविवारी बैठक ठरली.

शुक्रवारी क्लेम माझ्याकडे आला. हॅट काढून दारातच उभा राहिला.

"आत ये की. कुलूप लावलंय का दाराला?"

"सार्जंट, तुझ्याकडे काम आहे." लाडात आला की तो मला सार्जंट म्हणायचा. आज लाडाचा सूर नव्हता. "मला शोधून काढ."

"तू तर माझ्यासमोर उभा आहेस."

"चेष्टा नको गं. मी ते केलं का, ते शोधून काढ. मला आठवतंय ते खोटं आहे म्हणतात. मी नसलेल्या घोड्याला चारलं आणि असलेला घोडा मला दिसला नाही. फिलिपा येतेय रविवारी."

फिलिपा त्याची मुलगी, शहरात असते. जमीन विकून बापाला वृद्धाश्रमात न्यायचं तिच्या मनात कधीचं आहे. वाईट मुलगी नव्हे, घाबरलेली आहे एवढंच. रविवारी नियम चालला तर क्लेमची जुनी घोडी मारीगोल्ड कुरणातून जाईल. त्याच्या स्वतःच्या तुकड्यावर गवताची काडी नाही, सगळा खडक. घोडी गेली की क्लेमला इथं थांबायचं कारण उरणार नाही.

"मारीगोल्डचं मी सोसेन," तो म्हणाला, माझ्या मनातलं वाचल्यासारखा. "आश्रमाचंही सोसेन. पण जे मी डोळ्यांनी पाहिलं तेच झालं नसेल, तर मग मी माझ्यावर कधीच विश्वास ठेवू शकणार नाही. कळतंय का तुला?"

कळत होतं. मी त्याला चहा दिला आणि पाळीवाल्याची परीक्षा घेतली. कुणाला काय घालायचं ते सांग, म्हटलं.

तो क्षणभरही अडखळला नाही. "लाल झुलीला सुकं गवत. निळीला गोळीपेंड, एक डबा. हिरवीला आंबोण. पिवळी तुझी, तुझ्या त्या खादाडाला निम्मंच, नाहीतर फुगतो."

"बरोबर."

"ते अजून डोक्यात आहे," तो कसनुसं हसला. "बुधवारचा दिवस मात्र नाही म्हणतात."

तो गेल्यावर मी बराच वेळ त्याच्या रिकाम्या कपाकडे बघत बसले. माझी स्वतःची समजूत काय होती, ते मला त्याला सांगवलं नव्हतं. मलाही वाटत होतं, त्यानेच केलं.

३

ग्वेन्डाच्या घरी पायपुसण्यावर पाय तीनदा पुसावे लागतात. तिने खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक पुढे केले आणि लगेच म्हणाली, "तू त्याची बाजू घ्यायला आली आहेस."

"मी चहा प्यायला आले आहे."

"थापा नको मारूस, आयलीन. मलाही वाईट वाटतंय. क्लेमने माझ्या बापाला घोड्यावर बसायला शिकवलं. पण नियम कशासाठी असतात? आज थिसल गेली. उद्या माझा ब्रिगेडियर जाईल."

"तू ब्रिगेडियरला नेलंस किती वाजता?"

"जेवण करून निघाले. पाऊस सुरू व्हायच्या आधी. त्याची जत्रेची झूल घातली, रोजची निळी खुंटीवर टांगली. कोरडी, स्वच्छ."

"आणि क्लेमला कळवलंस?"

ग्वेन्डाने लॅमिंग्टनवरचं खोबरं बोटाने गोळा करायला घेतलं. "गडबडीत राहिलं. एक फोन राहिला म्हणून काही घोडी मरत नाही."

मी चहाचा घोट घेतला. पोलिसात एवढं शिकले की माणूस स्वतःहून जे बोलतो ते आपण विचारलेल्यापेक्षा कामाचं असतं.

"आणि नियमांचंच म्हणशील," ती एकदम उसळली, "तर माझ्या झुलीचं कोण बघणार? परत येऊन बघते तर निळी झूल चिखलाने माखलेली! पायपुसणं केलंय कुणीतरी. मी हात लावला नाही तिला. आहे तशी ठेवलीय, बैठकीत दाखवायला. तोवर जुनी वापरतेय."

"कुणी केलं असेल?"

"दुसरं कोण? तो डेस. त्याला माझं तट्टू डोळ्यांसमोर नको असतं."

४

डेस कोप शहरातून आलेला, हिशेबनीस, घोडा एकही नाही. सामाईक कुरणाचा आठवा वाटा मात्र त्याला भरावा लागतो आणि ते त्याला रोज नव्याने झोंबतं. त्याची खिडकी पाणवठ्याच्या बरोबर समोर.

"मी कुठल्याही घोड्याला काही चारलं नाही," मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला.

"मी विचारलंच नाही."

"विचारणार होतीस. सगळे माझ्याकडे असं बघतायत जसा मी विष घेऊन फिरतो. मला घोडे आवडत नाहीत. आवडत नसलेल्या गोष्टींना मी मारत सुटलो असतो तर समितीत कुणी उरलं नसतं."

मला हसू आलं. माणूस खवट होता, खोटारडा नव्हता.

"बुधवारी संध्याकाळी तू घरी होतास?"

"होतो. भोपळ्याचं सूप करत होतो, खिडकीपाशी. पावसात बाहेर कोण जाणार?"

"कुरणात काही दिसलं?"

"काय दिसणार? पाऊस, आणि तो मेला ब्रिगेडियर."

"कोण?"

"ब्रिगेडियर. माझं कुंपण खातो तो. पाणवठ्याशी उभा होता, दिवे लागायच्या सुमाराला. मी काच वाजवून ओरडलोसुद्धा. त्याने मानही वर केली नाही. एरवी ओरडलं की पळतो, उद्धट आहे."

"डेस, ब्रिगेडियर त्या वेळी जत्रेत होता."

"मग जत्रेतून मला चिडवायला आला असेल," डेस म्हणाला. "मी आंधळा नाही. तोच होता."

५

घरी परतताना मी गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली. निलगिरीच्या झाडांतून पाणी टपटपत होतं. समोर मॅगपाय पक्षी ओरडत होते. मी स्टिअरिंगवर हात ठेवून तिथंच बसून राहिले.

क्लेमचं डोकं चालत नाही हे गृहीत धरलं तर सगळं सुतासारखं सरळ होतं. पण मग डेसचं डोकंही चालत नाही असं धरावं लागत होतं. आणि डेसचं डोकं पैशापैशाचा हिशेब ठेवतं. दोन माणसांनी, एकमेकांशी न बोलता, एकच नसलेला घोडा पाहिला होता.

शिवाय विसरणाऱ्या माणसाच्या चुका अशा नसतात. माझी आई अशीच गेली, मला माहीत आहे. विसरणारा माणूस एक गोष्ट विसरतो, मग दुसरी, आणि त्या दोहोंचा एकमेकींशी काही संबंध नसतो. क्लेमच्या दोन चुका मात्र एकमेकींत चपखल बसत होत्या. एक तट्टू जादा, एक तट्टू कमी. दोन्ही कुमाईत, दोन्ही एका उंचीची. म्हणजे चुका दोन नव्हत्याच. एकच होती.

आता ब्रिगेडियरला डेस कशावरून ओळखतो? घोड्यांत त्याला काडीचं कळत नाही. आणि आम्ही पाळीवाले? हिवाळ्यात घोडी कानांपर्यंत झुलीत गुंडाळलेली, अंधारून आलेलं, पाऊस तोंडावर मारतोय. आम्ही तोंड बघतो का? नियमात लिहिलंय बादलीवरचं नाव बघावं. पण आम्ही पाळीवाल्यांनी कित्येक वर्षांपूर्वी आपली आपण सोय करून घेतली आहे. निळीला गोळीपेंड. हिरवीला आंबोण.

मी गाडी फिरवली आणि शेडकडे नेली.

निळी झूल खुंटीवर होती. बाहेरून चिखल, आतून अजून ओलसर. ग्वेन्डाने पाऊस सुरू व्हायच्या आधी टांगलेली झूल. मी ती उतरवून छातीवरचे पट्टे पाहिले. बकल लावलेलंच नव्हतं. बकलाच्या कडीतून गवताच्या गासडीची नारिंगी दोरी ओवून तिची गाठ मारलेली होती, सैल, लहान मुलाने मारावी तशी. दोरी सुरीने कापून झूल काढलेली होती. गाठ कडीतच राहून गेली होती.

ज्याची बोटं चालतात तो बकल लावतो. यारंबीत बकलाऐवजी दोरीची गाठ मारणारं एकच माणूस आहे.

मी गासडीवर बसले. क्लेम सुटला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

६

नोएलाने दार उघडलं. चुलीपाशी खुर्चीच्या पाठीवर हिरवी झूल घडी करून ठेवलेली होती. ती तिला कपाटात ठेववत नव्हती, हे दिसत होतं.

मी परत जाऊ शकले असते. दाराशी उभी राहून मी खरंच तसा विचार केला. थिसलला चुकून चारलं गेलं, चूक म्हाताऱ्याची, म्हातारा काही दिवसांत तेही विसरेल. कुणाचं काय बिघडलं असतं? पण क्लेमने मला फक्त एकच गोष्ट मागितली होती.

"नोएला, बुधवारी दुपारी तू कुरणात गेली होतीस?"

तिने मान डोलावली. लाजल्यासारखी झाली. "तुला कळलं होय. मी ग्वेन्डाची झूल घेतली. विचारायला हवं होतं. पण ती नव्हती, आणि थिसल थरथरत होती गं. तिची झूल आरपार भिजली होती, शिवणीतून पाणी आत जात होतं. म्हटलं एका रात्रीचा प्रश्न आहे. हिरवी इथं आणून चुलीपाशी वाळवली आणि सकाळी घेऊन गेले."

"सकाळी तू तिला पाहिलंस तेव्हा तिच्या अंगावर निळी होती."

"हो. मला ती तशी बघवेना, दुसऱ्याच्या कपड्यात. दोरी कापली, तिची हिरवी घातली. निळी खुंटीला लावली. धुऊन देणार होते. मग ग्वेन्डा त्यावरून एवढी ओरडली की मला तोंड उघडायचा धीर होईना." ती थांबली. "आयलीन, एका झुलीसाठी तू अशी का बघतेस माझ्याकडे?"

तिला माहीत नव्हतं. बोटं वाकडी झाल्यापासून समितीने तिला पाळीतून वगळलं होतं. त्याआधी पाळी तिचा नवरा करायचा. तिच्या लेखी झुलीचे रंग म्हणजे ज्याच्या त्याच्या आवडीचे रंग होते.

मी तिला सांगितलं. जितकं हळू सांगता येईल तितकं. निळीला गोळीपेंड, हिरवीला आंबोण.

ती ऐकत राहिली. मग उठली, किटली भरली, चुलीवर ठेवली, आणि किटलीला धरूनच उभी राहिली.

"आंबोणाची बादली तिथंच होती," ती म्हणाली. "मी झूल बांधत होते ना, तेव्हा थिसल त्या बादलीकडे मान करत होती. मी तिला म्हटलं, थांब, क्लेम येईल आता. नियम आहे ना. पाळी नसेल तर चारायचं नाही."

मग तिला रडू कोसळलं. मी तिला धरून ठेवलं. चुलीवरची किटली शिट्टी मारत राहिली आणि आम्हा दोघींपैकी कुणालाही ती उतरवायचं सुचलं नाही.

"हे रविवारी सांगायलाच हवं असं नाही," मी शेवटी म्हणाले. पोलिसात असताना असलं वाक्य माझ्या तोंडून कधी गेलं नसतं. "मी क्लेमला एकट्याला सांगेन. बाकीच्यांचं काहीतरी बघू."

नोएलाने पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला. "जोसीची घोडी होती ती," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या नावावर कशी टाकू?"

७

बैठक सभागृहात झाली. ग्वेन्डा नियमांचं पुस्तक घेऊन टेबलाशी. फिलिपा बापाशेजारी, पर्स मांडीवर घट्ट धरून. क्लेमने टाय बांधला होता. त्याला वाटत होतं, आज त्याचा निकाल आहे.

ग्वेन्डाने घसा साफ केला आणि नोएला उभी राहिली.

तिने सगळं सांगितलं. झूल, दोरी, बादली. आवाज फुटला तिथं थांबली, आणि पुन्हा सुरू झाली. "क्लेमने त्या रात्री एकही चूक केली नाही," ती म्हणाली. "त्याने जे पाहिलं तेच तिथं होतं. थिसल मी मारली."

डेस कोप मागच्या बाकावर बसला होता, त्याने चष्मा काढून हातात धरला.

मग ग्वेन्डा बोलली, आणि तिच्या आवाजात समिती उरली नव्हती. "मी फोन केला असता तर," ती म्हणाली. "ब्रिगेडियर इथं नाही एवढं क्लेमला माहीत असतं तर तो थांबला असता, बघितलं असतं. नियम मीच लिहिलेला होता." तिने पुस्तक मिटलं आणि खाली बसली.

क्लेमला समजायला वेळ लागला. फिलिपाने त्याच्या कानाशी पुन्हा एकदा सांगितलं. मग तो उठला, सगळ्या खुर्च्या ओलांडून नोएलापाशी गेला आणि तिचे ते वाकडे हात आपल्या हातांत घेतले.

"अगं, तिला थंडी वाजत होती म्हणून तू पांघरूण घातलंस," तो म्हणाला. "याला काय मारणं म्हणतात?"

मारीगोल्ड कुरणात राहिली. क्लेम घरी राहिला. फिलिपा त्या रात्री माझ्याकडे जेवली आणि बापाचं नाव काढून खूप रडली. रहस्यकथेत इथं संपतं. खरं बोलायचं तर मलाही इथंच संपवायला आवडलं असतं.

पण क्लेम त्या बुधवारी चुकला नव्हता याचा अर्थ तो बरा होता असा नव्हता. वसंत आला तसा तो आणखी विसरू लागला. आणि विसरण्याला न्याय नसतो. बैठक तो विसरला. नोएलाने उभं राहून काय सांगितलं ते विसरला. ती सकाळ मात्र राहिली, ट्रेलरमधून उतरणारा ब्रिगेडियर राहिला, आमचे सगळ्यांचे त्याच्याकडे वळलेले डोळे राहिले.

एका सकाळी तो नोएलाच्या दारात उभा राहिला, हॅट हातात घेऊन. "नोएला, थिसल माझ्या हातून गेली. मला माफ कर."

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "तुझ्या हातून नाही. माझ्या हातून गेली. ये, बस, सांगते."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग रोजच येऊ लागला. रोज तीच माफी, आणि रोज नोएला पहिल्यापासून सगळं सांगायची. झूल, दोरी, बादली. मला ते ऐकवेना.

"त्याला सांग ना, म्हातारी झाली होती, गेली," मी तिला म्हटलं. "रोज उठून स्वतःच्या नावाने कशाला?"

"सांगून पाहिलं. त्याला पटत नाही. म्हणतो, कुणीतरी केलंच असणार, म्हणजे मीच. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं की मगच त्याचा चेहरा मोकळा होतो." मग ती थोडं थांबून म्हणाली, "आणि आयलीन, माझं सांगून झालं की तो दर वेळी माझे हात धरतो. दर वेळी तेच म्हणतो. पांघरूण घातलंस, याला काय मारणं म्हणतात. त्याला ते रोज नव्याने सुचतं."

संपूर्ण उन्हाळा असा गेला. फिलिपा शहर सोडून बापाजवळ राहायला आली. कुरण पिवळं पडलं, झुली खुंट्यांवरून माळ्यावर गेल्या. समितीने झुलीवरून चारणं बंद केलं. सकाळी मी माझ्या खादाडाला पाणी द्यायला जायची तेव्हा क्लेम वाट चढून नोएलाच्या घराकडे जाताना दिसायचा, आणि उतरताना शीळ घालत यायचा.

परवा नोएला माझ्याकडे आली. मी पाव भाजत होते. तिला बसायला सांगितलं तरी ती बसेना.

"क्लेम आला होता," ती म्हणाली. "दारात उभा राहिला. मी म्हटलं, ये, सांगते. तर म्हणतो, काय सांगतेस? चहा आहे का?"

"मग?"

"मग काही नाही. चहा प्यायला. हवा छान आहे म्हणाला. मी थिसलचं नाव काढलं तर म्हणाला, थिसल कोण?"

मला आधी बरं वाटलं. खरंच वाटलं. म्हातारा सुटला, एवढंच माझ्या मनात आलं. मी तसं बोललेही.

"हो, तो सुटला," नोएला म्हणाली. तिचे दोन्ही हात तिने एकमेकांत धरले होते. "पण आयलीन, आता मी मारली नाही असं मला कोण सांगणार?"

मी पुढे झाले, तिचे हात धरले आणि सांगितलं. क्लेमचेच शब्द सांगितले, जसेच्या तसे. नोएलाने शांतपणे ऐकून घेतलं, थँक्यू म्हणाली, आणि घरी गेली.